बर्फाच्या पावत्या

चिलीच्या दक्षिणेला, जिथे जमीन फाटत जाते
आणि तिच्या चिंध्यांची बेटं होतात,
तिथल्या एका धक्क्यावर बर्फाचे तीन कारखाने होते.
तीन पाट्या, तीन रंग, तीन मालक.
भाव एक.

एदुविगिस लेविकोय पहाटे चारला पहिल्या खिडकीशी विचारायची,
सव्वाचारला दुसऱ्या, साडेचारला तिसऱ्या.
आकडा तोच यायचा,
वरचे सात पेसोसुद्धा तेच.
"घासाघीस करायची तर समोर दुसरं दुकान लागतं," ती मला म्हणाली,
"इथे एकच माणूस तीन टोप्या घालून बसलाय."

मासा थांबत नाही.
दुपारपर्यंत त्याचा डोळा पांढुरका होतो
आणि पांढुरक्या डोळ्याला गिऱ्हाईक नसतं.
म्हणून ती घ्यायची. सगळेच घ्यायचे.
परवडत नसेल तर नका घेऊ, खिडकी सांगायची,
किती सभ्य वाक्य.
कुणाच्या गळ्यावर कुणी सुरी ठेवली नव्हती.
घड्याळ ठेवलं होतं.

मी राजधानीहून गेले. बोट लागून दोनदा ओकले,
ओळखपत्र भिजलं.
स्पर्धा आयोगाची तपासनीस म्हणजे कुणी दांडगी बाई येईल,
असं धक्क्यावर सगळ्यांना वाटलं होतं.
एदुविगिसने मला चहा दिला आणि बिस्किटांचा डबा पुढे केला.
मी बिस्किटासाठी हात घातला,
आत अकरा वर्षांच्या पावत्या.
ओलसर, माशाचा वास, काहींवर खवले चिकटलेले.
तिन्ही कारखान्यांच्या.
तीन मार्चला तिघांनी भाव वाढवला. तेवढाच.
नऊ ऑगस्टला पुन्हा. तेवढाच.
"तुम्ही का जपून ठेवल्यात?"
"कुणीतरी विचारेल म्हणून," ती म्हणाली,
आणि जरा रागाने, "फार उशीर केलात."

कायद्याचं कलम लहान आहे.
स्वस्त विका असं ते सांगत नाही.
हवं तर सोन्याच्या भावाने विका बर्फ,
पण एकमेकांना विचारून नाही.
एवढंच.
एवढ्या एका वाक्यासाठी मी साडेचार हजार कागद वाचले,
आणि अखेर गावच्या दंतवैद्याच्या वहीत सापडलं ते:
दर महिन्याचा दुसरा मंगळवार, संध्याकाळी सात,
तीन नावं, एकाखाली एक.
तिघांचेही दात ठणठणीत होते.

चोर-चोर मावसभाऊ म्हणतात,
त्यातले दोघे तर खरेच मेहुणे निघाले.
त्यांचा वकील म्हणाला, नातं हा गुन्हा आहे का?
नाही, मी म्हणाले.
आणि सगळ्यांची एकाच दिवशी दाढ दुखणं?
तोही नाही.
न्यायाधिकरणात कुणीतरी हसलं. मी नाही हसले.

निकालाला चार वर्षं लागली.
दंड झाला, मोठा, पेपरात आकडा आला.
तो सरकारी खजिन्यात गेला, जातो तसा.
पुराव्यात लावलेल्या पावत्या मी परत पाठवल्या,
शिक्का मारलेल्या, क्रमांक घातलेल्या.
होडी मात्र तिसऱ्याच वर्षी विकली गेली होती.
हे मला कुणी कळवलं नव्हतं,
आणि आमच्या अहवालात त्यासाठी रकाना नाही.

यंदा मी रजा काढून गेले. पुन्हा ओकले.
पहाटे चारला ती धक्क्यावरच होती.
होडी नाही, मासा नाही,
तरी पहिल्या खिडकीशी, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या.
खडूने लिहिलेले तीन आकडे, तीन वेगळे.
दोन खिडक्यांत फक्त नऊ पेसोंचा फरक,
आणि त्या नऊ पेसोंवर ती पंचवीस मिनिटं उभी राहिली,
हात कमरेवर, मान तिरकी,
मधल्या दुकानदाराला म्हणाली,
"तो बघ, तो कमी देतोय."
त्याने आणखी दोन उतरवले, पुटपुटत.

तिने एक पिशवी बर्फ घेतला.
कशासाठी, ते मी विचारलं नाही.
चढावर चालताना पिशवीतून थेंब गळत राहिले,
घरापर्यंत ओली रेघ.
पावती तिने मागून घेतली होती.
डब्यात ठेवण्यापूर्वी दिव्याखाली धरून
आकडा एकदा मोठ्याने वाचला.